विद्यापीठाच्या आवारातील सामुदायिक भाजीमळे : सुट्टीत तिथे कोण असते?

(एक लेख आणि त्यावरील चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मेंडोटाकाठ

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसन शहरात, विद्यापीठाच्या पश्चिम टोकाला मेंडोटा तलावाजवळ ईगल हाइट्स नावाची वसाहत आहे. पीएच.डी. करणारे आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी तिथे बायकामुलांसह राहतात. या वसाहतीला लागून असलेला सामुदायिक भाजीमळा १९६२ साली सुरू झाला आणि आजही नांदता आहे. पाचशेहून अधिक वाफे असलेला हा मळा त्या देशातील सर्वांत जुन्या आणि मोठ्या सामुदायिक मळ्यांपैकी एक मानला जातो. आमच्या घराकडे तिथे वाफा होता, आणि पुढे मळ्याच्या स्वयंसेवक मंडळातही मी काम केले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिकवणारे काही स्नेही अलीकडे विचारू लागले आहेत की आपल्या आवारात असे काही करता येईल का, आणि करायचे तर सुरुवात कुठून करावी. बी कोणते, खत कोणते, कुंपण कसे, हे प्रश्न बहुतेकांच्या मनात आधी येतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे. विद्यापीठाला सुट्टी लागते तेव्हा आवारात कोण उरते, हे आधी पाहावे.

विस्कॉन्सिनमध्ये शेतीचा हंगाम आणि शैक्षणिक वर्ष एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. मार्चअखेरपर्यंत जमीन गोठलेली किंवा चिखलाची असते. दव गोठून रोपे मरण्याची भीती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सरते आणि टोमॅटो, मिरची, वांगी यांची लावणी तेव्हाच करता येते. नेमक्या त्याच सुमारास परीक्षा संपून पदवीचे विद्यार्थी गावी निघून जातात. ते परततात सप्टेंबरमध्ये, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा गारठा पडून मळा आटोपतो. म्हणजे ज्या जून-जुलैत तण रोज वीतभर वाढल्यासारखे वाटते, त्या दोन महिन्यांत आवार जवळजवळ ओस पडलेले असते. केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांच्या उत्साहावर उभारलेला मळा तिथे जुलैतच तणाखाली जातो.

ईगल हाइट्सचा मळा टिकला, कारण त्याच्या शेजारी बाराही महिने चुली पेटतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात आणि तेवढा काळ ते कुटुंब तिथेच असते. परदेशी विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे दिवसाचा वेळ असतो, आणि मोकळ्या जागेत चार माणसांत बसण्याची ओढही असते. त्यात भर पडते ती मुलांकडे सहा-सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांची. माझ्या पाहण्यात त्या मळ्यातील खरे जाणकार शेतकरी हेच. साताऱ्याकडून आलेल्या एका आजोबांनी छाटणीतून निघालेल्या फांद्यांचा मांडव दुधीसाठी उभा केला होता. खिळा नाही, तार नाही. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या ओल्या करून त्यांच्या गाठी मारलेल्या, म्हणजे वाळल्यावर त्या आवळून बसतात. शेजारच्या वाफ्यातील चिनी आजी हातभर लांब शेंगांची चवळी लावत असत. त्या दोघांना एकमेकांच्या भाषेतील एक शब्दही येत नव्हता, पण पुढच्या वर्षी त्या आजींच्या चवळीच्या मांडवालाही सुती चिंध्याच होत्या.

माणसे सतत बदलत असूनही मळा चालतो, याचे श्रेय नियमांना आहे. वाफ्याचे वार्षिक शुल्क असते. प्रत्येकाला सामाईक कामाचा वाटा उचलावा लागतो : वाटांवर लाकडाचा भुसा पसरणे, अवजारांची खोली आवरणे, नवख्यांना वाफा दाखवणे. रासायनिक खते आणि कीटकनाशके वर्ज्य आहेत. मळा विद्यापीठाच्या तलावकाठच्या निसर्गराखीव क्षेत्रात येतो, म्हणून आसपासच्या रानात घुसून पसरतील अशा वनस्पती लावायला मनाई आहे. स्वयंसेवक फिरून वाफ्यांची पाहणी करतात. तण माजलेले दिसले की सूचना जाते, आणि तरीही हालचाल झाली नाही तर वाफा प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या कुटुंबाला मिळतो. हे कठोर वाटते, पण एका दुर्लक्षित वाफ्यातील तणाचे बी आणि टोमॅटो-बटाट्यावरचा उशिराचा करपा हा रोग शेजारच्या दहा वाफ्यांत पोहोचायला वेळ लागत नाही. हा करपा वाऱ्यावर पसरतो, आणि विस्कॉन्सिन बटाट्याचे मोठे उत्पादक राज्य असल्याने तिथे त्याकडे फार गांभीर्याने पाहतात.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी पिकांविषयी थोडे लिहिते, कारण तिथे पहिल्या वर्षी हिरमोड होतो तो बहुधा दिवसाच्या लांबीमुळे. मॅडिसन ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जूनमध्ये तिथे पंधरा तासांहून मोठा दिवस असतो. आपले नाशिककडचे कांद्याचे वाण लहान दिवसांत पोसणारे आहेत. ते तिथे लावले तर पात पुरेशी वाढण्याआधीच गाठ धरू लागतात आणि कांदा लिंबाएवढाच राहतो. तिथे मोठ्या दिवसांचे वाणच घ्यावे लागतात. कोथिंबीर जूनअखेर फुलावर जाते, म्हणून ती एप्रिलअखेरीस आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरावी. मेथी वसंतातल्या थंडाव्यात उत्तम येते. अंबाडीचा पाला भरपूर मिळतो, पण बोंडांची आशा धरू नये. ती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलते आणि बोंड भरण्याआधी गारठा येतो. तुरीचेही तसेच. दुधी, दोडका, कारले यांची रोपे एप्रिलमध्ये घरात खिडकीशी करून ठेवली तरच हंगाम पुरतो. आणखी एक गोष्ट : बियाणे भारतातून येताना पिशवीत घालून आणू नये. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी आणायला अमेरिकेत बंदी आहे, आणि या बहुतेक भाज्यांचे बी तिथल्या बियाणे विक्रेत्यांकडे मिळते.

आता महाराष्ट्राकडे वळते. आपले शैक्षणिक वर्ष जूनमध्ये, म्हणजे पावसाबरोबर सुरू होते. हंगाम आणि सत्र हातात हात घालून चालतात, ही मला फार मोठी अनुकूलता वाटते. असे असूनही आपल्या विद्यापीठांच्या एवढ्या विस्तीर्ण आवारांत असे मळे फारसे का दिसत नाहीत, हे तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे.

खारपाणपट्टा

लेख आवडला, आणि प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी पश्चिम विदर्भातील एका महाविद्यालयात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहतो. आपण म्हणता ती अनुकूलता खरी आहे, पण ती अर्ध्याच वर्षापुरती. जून ते दिवाळी मुले आवारात असतात, पाऊस असतो, जमिनीला ओल असते. दिवाळीच्या सुट्टीत सगळे गावी जातात आणि परतल्यावर सत्र परीक्षा, नंतर स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, पुन्हा परीक्षा. फेब्रुवारीपासून पाण्याची ओढ सुरू होते आणि मे महिन्यात आवारात पहारेकऱ्याशिवाय कोणी नसते. आमच्याकडे वृक्षारोपणाच्या रोपांची दशाही यामुळेच होते : जुलैत छायाचित्रे निघतात आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली जातात.

आमची आणखी एक अडचण स्थानिक आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. इथे विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे. त्या पाण्यावर उन्हाळी भाजी काढायला गेले तर पीक तर जातेच, जमीनही बिघडते. त्यामुळे बारमाही मळ्याचा आग्रह आमच्यासारख्या ठिकाणी मुळातच धरू नये, असे माझे मत झाले आहे. मृगात सुरू करावा आणि संक्रांतीला बंद करावा. गवार, चवळी, भेंडी, अंबाडी, तांदुळजा, दोडका, कारले, आणि दिवाळीनंतर साठलेल्या ओलीवर हरभरा, तोही घाटे धरण्याआधी भाजीसाठी खुडण्यापुरता. उरलेले जवळजवळ पाच महिने जमीन पालापाचोळ्याने झाकून ठेवावी. मॅडिसनचा मळाही वर्षाचे पाच-सहा महिने बंदच असतो, हे आपल्या लेखातून लक्षात आले. आपल्या लोकांना मळा म्हटले की तो वर्षभर हिरवा हवा असतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तो वाळला की उपक्रम फसला असे जाहीर होते.

पश्चिमकिनारा

मी कॅनडात व्हँकुव्हरला राहतो. सुट्टीत कोण असते हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याच्याही आधी जमीन कोणाच्या नजरेत कशासाठी आहे हे पाहावे लागते, असे इथला अनुभव सांगतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे सुमारे २४ हेक्टरचे शेत आवाराच्या दक्षिणेला आहे. १९९० च्या दशकातील आराखड्यात ही जागा भविष्यातील घरबांधणीसाठी राखून ठेवली होती. विद्यार्थ्यांनी तिथे शेती, अभ्यासक्रम, संशोधन आणि आठवडी बाजार उभा केला, तरी कागदावर ती जागा घरांचीच राहिली. एप्रिल २००९ मध्ये दोन हजारांहून अधिक लोकांनी आवारातून शेतापर्यंत मोर्चा काढला, आणि २०११ साली त्या जागेचे आरक्षण बदलून ती शैक्षणिक वापरासाठी हरित म्हणून नोंदली गेली. त्या शेतात इथल्या आदिवासी समाजांच्या बागा आहेत आणि ग्वातेमालातून विस्थापित झालेल्या माया कुटुंबांचीही एक बाग आहे. मोर्चाला बळ मिळाले, त्याचे एक कारण हेही असावे. शेतात केवळ विद्यार्थी असते तर चार वर्षांत ते पांगले असते.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठाच्या मालकीची गिल ट्रॅक्ट नावाची जमीन आल्बनी गावात आहे. तिथे बांधकामाचा बेत होता. २२ एप्रिल २०१२ रोजी, वसुंधरा दिनी, लोकांनी आत शिरून रोपे लावली. मे महिन्याच्या मध्यावर पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. पुढे जमिनीच्या उत्तर भागात विद्यापीठ आणि रहिवासी यांचे सामुदायिक शेत उभे राहिले आणि दक्षिण भागात दुकान व ज्येष्ठांसाठी घरे झाली. मला या मार्गाची शिफारस करायची नाही. परंतु आवारातील मोकळी जमीन विद्यापीठाच्या दृष्टीने कायमच उद्याच्या इमारतीची जागा असते. नोंद करून न घेता सुरू केलेला मळा पाहुण्यासारखा राहतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

नदीपात्र

मला या संकल्पनेबद्दल मूलभूत शंका आहे, ती मोकळेपणाने मांडतो. विद्यापीठाची जमीन सार्वजनिक आहे. तिचे तुकडे करून एकेका कुटुंबाला भाजीसाठी देणे हे तत्त्वतः कितपत योग्य? आपल्याकडे असे वाफे सुरू झाले तर ते वरिष्ठ प्राध्यापकांच्या बंगल्यांमागे जातील, आणि कंत्राटी सफाई कामगार, वसतिगृहातील मुले, खानावळीत काम करणाऱ्या बायका यांच्या वाट्याला काही येणार नाही. त्यापेक्षा एकच सामाईक शेत असावे, सर्वांनी राबावे आणि पीक गरजूंना वाटावे. अनेक विद्यार्थी दोन वेळच्या जेवणासाठी काटकसर करतात, हे आपण सगळेच जाणतो.

मेंडोटाकाठ

नदीपात्र, आपली शंका रास्त आहे आणि मॅडिसनमध्ये या दोन्ही पद्धती शेजारीशेजारी पाहायला मिळतात. ईगल हाइट्सच्या मळ्यालगतच विद्यार्थ्यांच्या एका संघटनेचे सामाईक शेत आहे. १९७९ पासून चालत आलेल्या या संघटनेला एफ. एच. किंग यांचे नाव दिले आहे. किंग हे त्याच विद्यापीठात कृषी-भौतिकीचे प्राध्यापक होते. १९०९ मध्ये त्यांनी चीन, कोरिया आणि जपान या देशांत फिरून तिथले शेतकरी शतकानुशतके जमिनीचा कस कसा राखतात याचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९११ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. संघटनेच्या शेतातील भाजी हंगामात आवारात टेबल मांडून विद्यार्थ्यांना विनामूल्य वाटली जाते. कोणी किती गरजू आहे, असे विचारले जात नाही. रांगेत उभे राहणाऱ्याला संकोच वाटू नये, यासाठी हे मला फार योग्य वाटते.

मात्र सामाईक शेताला उन्हाळ्यात पगारी माणसे लागतात. तिथे विद्यार्थ्यांनाच मानधन देऊन उन्हाळ्यासाठी नेमले जाते. निधी नसेल तर सर्वांचे शेत लवकरच कोणाचेच राहत नाही. ज्या कुटुंबाचा स्वतःचा वाफा आहे ते जुलैतल्या उकाड्यातही संध्याकाळी पाणी घालायला येते, कारण ती त्यांची मिरची असते. म्हणून आवारात राहणाऱ्या कुटुंबांचे वाफे हा कणा असावा आणि त्याच्या आधाराने विद्यार्थ्यांचे सामाईक शेत चालावे, असे माझे ठाम मत आहे. पाण्याचे नळ, अवजारे, पाचोळ्याचे ढीग आणि मुख्य म्हणजे देखरेख यांचा लाभ शेताला आपोआप मिळतो.

वाफे कोणाला मिळावेत, याबद्दल आपली भीती मला पूर्ण मान्य आहे. त्यावर उपाय एकच : वाटप चिठ्ठ्या टाकून व्हावे, पदानुसार नव्हे, आणि कंत्राटी कामगारांची नावे त्या चिठ्ठ्यांत पहिल्या दिवसापासून असावीत. मंडळ निवडताना हे लेखी ठरले नाही तर नंतर ते कधीच होणार नाही.

काळीमाती

मी मृदशास्त्र शिकवते. चर्चेत मातीचा विषय अजून आलेला नाही म्हणून लिहिते आहे. सामुदायिक मळ्यांत रासायनिक खते टाळतात हे चांगलेच, पण त्यामुळे शेणखत आणि कंपोस्ट कितीही घातले तरी चालते, असा एक समज रुजतो. शेणखतात नत्राच्या (नायट्रोजन) तुलनेत स्फुरदाचे (फॉस्फरस) प्रमाण पिकाच्या गरजेपेक्षा जास्त असते. नत्राची गरज भागेल इतके शेणखत दरवर्षी घालत गेलो तर स्फुरद जमिनीत साठत जातो आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जलाशयात जातो. मेंडोटा हा जगात सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या तलावांपैकी एक आहे आणि स्फुरदामुळे माजणारे निळे-हिरवे शेवाळ हे त्याचे जुने दुखणे. त्या परगण्यात २००५ पासून, आणि पुढे २०१० पासून संपूर्ण राज्यात, हिरवळीच्या मैदानांवर स्फुरदयुक्त खत टाकण्यावर निर्बंध आले ते याचमुळे. तलावाच्या काठावर मळा असेल तर हा विचार टाळता येत नाही.

आपल्या काळ्या जमिनींत मात्र चित्र वेगळे आहे. चुन्यामुळे स्फुरद मातीत बांधला जातो, पिकाला तो कमीच मिळतो, आणि सेंद्रिय कर्बही बहुतेक ठिकाणी कमी असतो. त्यामुळे मॅडिसनचा नियम उचलून इकडे लावू नये, आणि इकडचा तिकडे. दोन्ही ठिकाणी आधी माती परीक्षण करावे. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांच्या आणि कृषी विभागाच्या प्रयोगशाळांत ते माफक शुल्कात होते. जुन्या इमारतीच्या राडारोड्यावर माती पसरून केलेली बाग असेल तर शिशासारख्या जड धातूंचीही तपासणी करून घ्यावी, विशेषतः जिथे जुन्या रंगाचे पोपडे किंवा बॅटरी ठेवण्याची जागा असेल तिथे.

एक विचारायचे आहे. विस्कॉन्सिनमधील बागांत गांडुळांबद्दल धास्ती घेतली जाते, असे ऐकले आहे. आमचे विद्यार्थी यावर विश्वासच ठेवत नाहीत.

मेंडोटाकाठ

काळीमाती, ऐकलेले खरे आहे, आणि तिथे गेल्यावर मलाही ते पचायला वेळ लागला, कारण गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र हे आपण शाळेपासून शिकतो. हिमयुगातील बर्फाने तो भूभाग झाकला होता आणि तिथली सध्याची गांडुळे बाहेरून आलेली आहेत. त्यांपैकी आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळे विस्कॉन्सिनमध्ये प्रथम २०१३ साली मॅडिसनच्या विद्यापीठाच्याच वृक्षोद्यानात आढळली. हात लावला की ती सापासारखी वळवळतात. जमिनीवरचा पाचोळा ती झपाट्याने खातात आणि वरचा थर कॉफीच्या चोथ्यासारखा भुसभुशीत, पाणी न धरणारा होतो. प्रौढ गांडुळे हिवाळ्यात मरतात, पण त्यांचे कोष मातीत टिकून वसंतात फुटतात.

सामुदायिक मळ्याच्या दृष्टीने अडचण अशी की आपण ज्या गोष्टींना चांगुलपणा मानतो, त्यांतूनच ती पसरतात : शेजाऱ्याला मुळासकट दिलेले रोप, ओंजळभर कंपोस्ट, गाडीभर पाचोळा. तिथल्या संशोधनात असे दिसले की ४० अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस ठेवल्यास कोष मरतात, म्हणून नीट तापलेले कंपोस्टच आणावे असे सांगतात. रोपे देताना मुळांची माती धुऊन द्यावी, हा साधा उपाय रुळवायला मंडळाला पुष्कळ समजावून सांगावे लागले. बी द्यावे, माती देऊ नये, एवढे नवख्याने लक्षात ठेवले तरी पुरते. आपल्या विद्यार्थ्यांना हेही सांगावे की भारतातील शेतात या उदाहरणाने गांडूळखत वाईट ठरत नाही. कोणता जीव कोणत्या जमिनीत परका आहे, त्यावर सगळे अवलंबून आहे.

कडुनिंब

पुण्यातील एका शिक्षणसंस्थेच्या कर्मचारी वसाहतीत मी राहतो. आमच्याकडे काही कुटुंबांनी इमारतीमागे भाजी लावली होती. दोन हंगाम चांगले गेले. तिसऱ्या वर्षी जलवाहिनीच्या कामासाठी खोदकाम झाले, आणि ज्या ठेकेदाराने ते केले त्याला तिथे बाग आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. तक्रार कोणाकडे करणार? परवानगी तोंडी होती आणि ती देणारे अधिकारी निवृत्त झाले होते. पश्चिमकिनारा यांनी नोंदीचा मुद्दा मांडला तो म्हणूनच मला पटतो. मालमत्ता विभागाच्या नकाशावर बागेची हद्द आखून घ्यावी आणि किमान पाच वर्षांचे पत्र घ्यावे. जागा लागलीच तर एक हंगाम आधी सूचना मिळावी, हे त्या पत्रात असावे.

कायम राहणाऱ्या माणसांबद्दलचा मुद्दा पटतो, त्याला मुंबईतील एक उदाहरण जोडतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून माती तयार करून भाज्या आणि फळझाडांची बाग फुलवली. त्यामागे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांची प्रयोग परिवार ही शेतकऱ्यांची चळवळ आणि दहा गुंठ्यांत कुटुंबाचा निर्वाह करण्याचा त्यांचा आग्रह, ही परंपरा होती. दाभोलकर गणिताचे अध्यापक होते, आणि मोजून पाहिल्याशिवाय काही मानू नये ही शिस्त त्यांनी शेतकऱ्यांच्या गटांत रुजवली. ती बाग रोज कामावर येणाऱ्या माणसांच्या हातून झाली. आवारातही खानावळीचे कर्मचारी, माळी आणि पहारेकरी हीच अशी माणसे आहेत, आणि उपक्रमाच्या बैठकीला त्यांनाच बोलावलेले नसते.

पाण्याबद्दल एक सावधगिरी. मोठ्या आवारांत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असतात आणि त्यांचे पाणी बागेला फुकट मिळते. ते झाडांना आणि हिरवळीला द्यावे, पण कच्ची खाल्ली जाणारी भाजी, म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडी, त्यावर घेऊ नये. पाण्याची तपासणी नियमित होत असेल आणि ते बुडाशी ठिबकने देता येत असेल, तर दुधी-दोडक्यासारख्या मांडवावरच्या, शिजवून खायच्या वेलांसाठी विचार करता येईल.

खारपाणपट्टा

कडुनिंब, माळी आणि पहारेकरी यांच्याविषयी आपण लिहिले ते वाचून आमच्या आवारातील माणसे डोळ्यांपुढे आली. आमचे दोन्ही माळी शेतकरी कुटुंबांतील आहेत आणि त्यांना हिरवळ कापण्यापलीकडे कोणी काही विचारत नाही. प्रस्ताव लिहिताना मी आता क्रम बदलणार आहे. विद्यार्थी किती येतील हे नंतर. मे महिन्यात आवारात किती कुटुंबे राहतात, त्यांतील किती जणांना वाफा हवा आहे, हे आधी विचारून येतो आणि तेवढ्याच वाफ्यांची मागणी करतो. माझ्या अंदाजाने ती संख्या दहा-बारापेक्षा जास्त भरणार नाही.

मेंडोटाकाठ, आपल्याकडील नियमांत वाफा सोडून जाणाऱ्या कुटुंबाबद्दल काय तरतूद आहे, ते सविस्तर कळले तर बरे होईल. आमच्याकडे बदल्या मार्च-एप्रिलमध्ये होतात आणि तेव्हा वाफा कोणाला द्यायचा यावरून वाद होईल, अशी मला आतापासूनच शंका आहे.

मेंडोटाकाठ

दहा-बारा वाफ्यांनी सुरुवात करणे उत्तमच. प्रतीक्षा यादी असलेला लहान मळा हा निम्मे वाफे रिकामे असलेल्या मोठ्या मळ्यापेक्षा केव्हाही बरा, कारण रिकाम्या वाफ्यातले तण सगळ्यांना काढावे लागते.

वाफा सोडण्याबद्दल ज्या तीन गोष्टी मी आग्रहाने लिहून घ्यायला सांगेन, त्या अशा. वाफा ही मंडळाची गोष्ट आहे. जाणाऱ्या कुटुंबाने तो मित्राला किंवा नातलगाला परस्पर देऊ नये, तो प्रतीक्षा यादीतील पहिल्या नावालाच जावा. जाणाऱ्याने वाफा तणमुक्त करून, मांडव आणि खुंट्या काढून किंवा नव्या कुटुंबाला हवे असल्यास तसेच ठेवून, मंडळाला दाखवून सोडावा. आणि त्या वाफ्यात तीन वर्षांत कोणते पीक कुठे घेतले, कोणता रोग आला, किती शेणखत घातले, याचा एक कागद भरून द्यावा, म्हणजे येणारा माणूस वांग्याच्या जागी पुन्हा वांगे लावणार नाही. आपल्याकडील बदल्यांच्या वेळा पाहता वाफ्याचे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत न धरता १ फेब्रुवारीपासून धरावे, असे सुचवते. संक्रांतीला मळा बंद होतो, जानेवारीअखेर पाहणी होईल, आणि मार्चमध्ये ज्याची बदली होईल त्याच्या वाफ्यात तेव्हा उभे पीकच नसेल.

खारपाणपट्टा

१ फेब्रुवारीची कल्पना आमच्या परिस्थितीला अगदी चपखल बसते. पिकांच्या नोंदीचा कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरांत करून घेतो, म्हणजे माळीही तो भरू शकतील. माती परीक्षणासाठी काळीमाती यांनी सांगितल्याप्रमाणे नमुने पावसाआधीच घेतो. प्रस्तावाचा मसुदा तयार झाला की इथेच ठेवीन. चिठ्ठ्यांच्या पद्धतीचे कलम नदीपात्र यांनी वाचून त्यात पळवाट राहिली असेल तर दाखवावी, ही विनंती.

नदीपात्र

अवश्य वाचेन. एक पळवाट आत्ताच सांगतो : चिठ्ठी कुटुंबाच्या नावाने न टाकता घराच्या क्रमांकाने टाकली, तर आवारात घर नसलेले कंत्राटी कामगार आपोआप बाहेर पडतील. पात्रतेच्या कलमात "आवारात राहणारे किंवा आवारात काम करणारे" असे दोन्ही शब्द घालावेत.